प्रवासी विमानाचे गृह-सदृशीकरण आणि अध्ययनाचे संक्रमण

एका परिस्थितीत संपादन केलेले कौशल्य दुसऱ्या परिस्थितीत कितपत उपयोगी पडते, हा अध्ययनाच्या मानसशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. १९०१ मध्ये थॉर्नडाइक व वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी त्याचे जे उत्तर दिले ते आजही चर्चेचा आरंभबिंदू मानले जाते. दोन कार्यांत जितके घटक समान असतील तितक्याच प्रमाणात अध्ययनाचे संक्रमण होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. व्याकरण घोकल्याने बुद्धीला एक सर्वसाधारण धार येते आणि ती पुढे कोणत्याही विषयात चालते, या शिक्षकवर्गातील आवडत्या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. तथापि ‘समान घटक’ म्हणजे नेमके काय, हे त्या उत्तराने पुरतेपणी सांगितले नाही. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी मनाच्या दृष्टीने अगदी भिन्न असू शकतात. आणि दिसावयास भिन्न असलेल्या दोन गोष्टींत मनाला एकच काम करावे लागते, असेही घडते.

या प्रश्नाची कसोटी पाहणारे एक क्षेत्र गेल्या काही दशकांत घराघरांत उपलब्ध झाले आहे. ते म्हणजे घरगुती संगणकावरील विमानाचा सिम्युलेटर. एअरबस ए-३२० अथवा बोइंग ७३७ यांसारख्या प्रवासी विमानांच्या संगणकीय प्रतिकृती आज इतक्या तपशीलवार झाल्या आहेत की, अभ्यासक खऱ्या विमानाची कार्यपुस्तिका टेबलावर उघडी ठेवून तीत सांगितलेल्या क्रमाने एकेक कळ दाबीत जातो आणि प्रतिकृती बहुतांशी पुस्तिकेत म्हटल्याप्रमाणेच प्रतिसाद देते. हे सर्व हौस म्हणून करणारे पुष्कळ आहेत. परंतु काहींच्या दृष्टीने तो केवळ खेळ नसतो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचा खर्च भारतातील मध्यमवर्गीय कुटुंबास सहज झेपणारा नाही. त्यावर विशिष्ट प्रकारच्या विमानाच्या प्रशिक्षणाचा भार निराळा. अशा स्थितीत घरी घालविलेल्या शेकडो तासांतून हाती काय लागते, काय लागत नाही, आणि काय लागल्यासारखे वाटते पण लागत नाही, हे पारखून घेणे अगत्याचे ठरते. यांतील तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा होय.

या साधनाचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहावयास हवा. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो तयार करण्याचा कारखाना होता. १९२९ च्या सुमारास लिंकने ऑर्गनसाठी वापरण्यात येणारे भाते आणि हवेच्या झडपा यांच्या साहाय्याने जमिनीवरच डोलणारे एक लहानसे विमान बनविले. आपल्याकडील पेटीचा भाता डोळ्यांसमोर आणला म्हणजे या युक्तीची कल्पना येते. आरंभी या यंत्राला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांचे. १९३४ मध्ये अमेरिकन सैन्याच्या हवाई दलाकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले आणि खराब हवेत, केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची सवय नसल्यामुळे अनेक वैमानिक प्राणास मुकले. तेव्हा हवाई दलाने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे तयार झाली. त्यांच्या खिडकीतून काहीच दिसत नसे आणि दिसण्याची आवश्यकताही नव्हती. कारण जे शिकावयाचे होते ते बाहेर न पाहता उडणे हेच होते. सदृशीकरणाच्या इतिहासातील पहिले मोठे यश अशा प्रकारे एका आंधळ्या यंत्राचे आहे, ही गोष्ट आजच्या देखण्या चित्रपटलांपुढे बसणाऱ्याने विसरू नये.

घरगुती सिम्युलेटरचा उगम मात्र विद्यापीठातील आहे. इलिनॉय विद्यापीठात ब्रूस आर्टविक या विद्यार्थ्याने १९७५ मध्ये संगणकाच्या साहाय्याने उड्डाणाचे चलत्-चित्र निर्माण करण्याच्या पद्धतीवर प्रबंध लिहिला. पुढे त्याच कल्पनेतून त्याने ॲपल-२ या छोट्या संगणकासाठी उड्डाणाचा कार्यक्रम तयार केला आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘फ्लाइट सिम्युलेटर’ या नावाने त्याची आवृत्ती आयबीएमच्या संगणकासाठी बाजारात आणली. १९९५ च्या सुमारास ऑस्टिन मायर याचा ‘एक्स-प्लेन’ हा प्रतिस्पर्धी निर्माण झाला. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मालिकेची संपूर्णपणे नवी आवृत्ती निघाली आणि उपग्रहांनी व विमानांनी घेतलेल्या छायाचित्रांवरून रचलेली पृथ्वी घरच्या पडद्यावर दिसू लागली. परंतु येथे विचारात घ्यावयाच्या प्रतिकृती या मूळ कार्यक्रमांच्या निर्मात्यांच्या नव्हेत. त्या स्वतंत्र मंडळींनी केलेल्या पूरक प्रतिकृती होत. पीएमडीजीची बोइंग विमाने, फिनिक्सचे ए-३२०, तसेच ‘फ्लायबायवायर’ या नावाने स्वयंसेवकांच्या एका गटाने विनामूल्य उपलब्ध करून दिलेले ए-३२० ही त्यांची ठळक उदाहरणे. त्यांचा भर दृश्यापेक्षा विमानाच्या आंतरिक व्यवस्थेवर, म्हणजे विद्युत्, इंधन, द्रवदाब आणि मुख्यतः उड्डाण-व्यवस्थापनाचे संगणक यांवर असतो.

आधुनिक प्रवासी विमान ‘गुंतागुंतीचे’ आहे असे म्हणतात, तेव्हा ही गुंतागुंत कोठे आहे? सामान्य माणसाची समजूत अशी की ती कॉकपिटमधील कळांच्या संख्येत आहे. ही समजूत चुकीची नसली तरी अपुरी आहे. कळांची संख्या ही अडचण काही आठवड्यांत ओसरते. निर्जीव अवस्थेतील ए-३२० सुरू करावयाचे झाल्यास प्रथम बॅटऱ्या, मग बाहेरील वीज अथवा शेपटीतील साहाय्यक इंजिन, मग जडत्वावर चालणाऱ्या तीन दिशादर्शक यंत्रांची जुळणी, त्यानंतर संगणकात मार्ग, वजन, इंधन, वारा आणि उड्डाणाचे निर्णायक वेग भरणे, असा क्रम असतो. हा क्रम डोक्यावरील फलकावर ठरावीक दिशेने हात फिरवीत पूर्ण करावयाचा असतो. एअरबसच्या रचनेत दिवा न लागणे हे सर्व काही ठीक असल्याचे चिन्ह मानलेले असल्यामुळे, फलक काळा होत गेला म्हणजे काम होत आले, हे नवशिक्यालाही कळते.

या क्रमबद्ध कामांचे संक्रमण उत्तम होते, याविषयी शंका घेण्यास फारशी जागा नाही. १९७० मध्ये प्रोफेट आणि बॉइड या अमेरिकन संशोधकांनी कॉकपिटमधील कार्यक्रमाचे शिक्षण देण्यासाठी एका बाजूला महागडे यंत्र आणि दुसऱ्या बाजूला लाकडी फळ्या व छायाचित्रे यांची साधी प्रतिकृती वापरून पाहिली. स्वस्त प्रतिकृतीवर शिकलेले विद्यार्थी खऱ्या विमानात महागड्या यंत्रावर शिकलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. कागदी फलक भिंतीवर चिकटवून हात फिरविण्याचा सराव करण्याची वैमानिकांची जुनी प्रथा यामुळे शास्त्रीय दृष्ट्याही समर्थनीय ठरते. छायाचित्राने जे साधते ते प्रतिसाद देणाऱ्या प्रतिकृतीने अधिकच साधेल, हे उघड आहे. माऊसने दाबलेली कळ आणि बोटाने दाबलेली कळ यांत स्नायूंच्या दृष्टीने साम्य नाही. परंतु ‘आता कोणती, आणि का’ या प्रश्नाच्या दृष्टीने दोन्ही कृती एकच आहेत.

खरी गुंतागुंत याच्या पलीकडे आहे. प्रवासी विमान बहुतेक वेळ स्वयंचालक यंत्रणा उडविते आणि वैमानिक त्या यंत्रणेला आज्ञा देतो. ही यंत्रणा एकाच प्रकारे वागत नाही; तिच्या अनेक कार्यावस्था असतात. वैमानिकांच्या भाषेत त्यांना ‘मोड’ म्हणतात. एका कार्यावस्थेत इंजिनांचा जोर वेग सांभाळतो आणि विमानाचे नाक उंची अथवा उताराचा दर सांभाळते. दुसऱ्या कार्यावस्थेत इंजिने किमान जोरावर जाऊन स्थिर राहतात आणि नाक खाली-वर करून वेग सांभाळला जातो. बाहेरून पाहता दोन्ही वेळी विमान खालीच उतरत असते. फरक दिसतो तो केवळ समोरच्या पडद्याच्या माथ्यावरील काही अक्षरांत. १९८९ मध्ये अर्ल वायनर यांनी नासासाठी बोइंग ७५७ च्या वैमानिकांची जी पाहणी केली तीतून तीन प्रश्न पुढे आले आणि ते या विषयात आता सर्वतोमुखी झाले आहेत: यंत्रणा हे काय करीत आहे, का करीत आहे, आणि यानंतर काय करणार आहे? ज्या वैमानिकाला या तीन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही क्षणी देता येतात त्याला ते विमान येते असे म्हणता येईल.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही, हे दाखविणारी एक दुर्घटना भारतातच घडली. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे मुंबईहून बंगळूरला निघालेले ए-३२० जातीचे विमान त्या वेळच्या एचएएल विमानतळाच्या धावपट्टीच्या अलीकडेच, गोल्फच्या मैदानावर टेकले आणि पुढे जाऊन आदळले. विमानातील १४६ जणांपैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. ए-३२० सेवेत येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. विमानात यांत्रिक बिघाड आढळला नाही. हवा स्वच्छ होती. अंतिम टप्प्यात विमान वर वर्णिलेल्या दुसऱ्या कार्यावस्थेत, म्हणजे ‘ओपन डिसेंट’मध्ये होते, इंजिने किमान जोरावर होती आणि वेग उतरत चालला होता. ही कार्यावस्था लागल्याचे वैमानिकांना कळले होते, परंतु तिचे गांभीर्य ओळखून थ्रॉटल वेळीच पुढे ढकलले गेले नाही, असा चौकशी-न्यायालयाचा निष्कर्ष होता.

ही कार्यावस्था मुळात लागली कशी? न्यायालयाने मांडलेली शक्यता विलक्षण बोधप्रद आहे. धावपट्टीकडे तीन अंशांच्या उताराने येताना उताराचा दर किती ठेवावा याचे वैमानिकांचे एक तोंडी गणित आहे: जमिनीवरील वेगाचे नॉटमधील आकडे पाचाने गुणावेत, म्हणजे मिनिटाला किती फूट उतरावयाचे ते मिळते. १४० नॉट वेग असल्यास हा दर ७०० फूट येतो. बंगळूरच्या विमानात हा ७०० चा आकडा उताराच्या दराच्या बटणाऐवजी शेजारच्या उंचीच्या बटणावर लावला गेला असावा, असे दिसते. म्हणजे ‘मिनिटाला ७०० फूट उतर’ या आज्ञेऐवजी ‘समुद्रसपाटीपासून ७०० फूट उंचीपर्यंत उतर’ अशी आज्ञा यंत्रणेला मिळाली. बंगळूरचा तो विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २९०० फूट उंचीवर आहे. यंत्रणेला दिलेले लक्ष्य जमिनीच्या पोटात होते आणि ते गाठण्यासाठी तिने इंजिने मंद केली. तिच्या परीने तिने आज्ञापालनच केले.

यापुढील भाग अधिक सूक्ष्म आहे. ए-३२० मध्ये दोन्ही वैमानिकांसमोर ‘फ्लाइट डिरेक्टर’ नावाच्या मार्गदर्शक रेषा असतात. स्वयंचालक बंद असताना या दोन्ही रेषा बंद केल्या, तर इंजिनांची यंत्रणा आपोआप वेग सांभाळण्याच्या कार्यावस्थेत जाते. एकच बंद केली आणि दुसरी चालू राहिली, तर ती जाते त्याच अवस्थेत राहते. त्या दिवशी एका बाजूची रेषा बंद झाली, दुसऱ्या बाजूची राहिली. शिवाय एअरबसमधील थ्रॉटलच्या दांड्या, बोइंगच्या दांड्यांप्रमाणे, यंत्रणेने जोर कमी-अधिक केला असता हलत नाहीत. त्यामुळे दांडीवर ठेवलेल्या हाताला इंजिने निपचित असल्याची खूण मिळण्याचा मार्ग नव्हता. अखेर जोर मागितला गेला, परंतु किमान गतीवरील जेट इंजिनाला पूर्ण जोर येण्यास काही सेकंद लागतात आणि तेवढी उंची उरली नव्हती.

याच जातीची चूक वेगळ्या विमानात, वेगळ्या नावाने पुन्हा घडलेली आहे. ६ जुलै २०१३ रोजी एशियाना कंपनीचे बोइंग ७७७ सॅन फ्रान्सिस्को येथे उतरताना समुद्राच्या बांधावर आदळले. ३०७ पैकी तीन प्रवासी मरण पावले. तेथे वैमानिकाने निवडलेल्या कार्यावस्थेमुळे, थ्रॉटल हाताने मागे ओढताच, ऑटोथ्रॉटल वेग सांभाळण्याचे काम सोडून स्तब्ध झाला होता. आणि तो वेग सांभाळीत आहे असे वैमानिक धरून चालले होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. या दोन दुर्घटनांत जे ज्ञान कमी पडले ते हाताचे नव्हते. कोणते बटण दाबले असता, कोणते ओढले असता, कोणत्या क्षणी यंत्रणा एका अवस्थेतून दुसरीत सरकते, याचे ते ज्ञान होते. अशा ज्ञानाचे घटक घरच्या प्रतिकृतीत आणि खऱ्या विमानात जवळजवळ अभिन्न असतात. समोरची अक्षरे तीच, त्यांचा अर्थ तोच, एका आज्ञेतून उद्भवणारी परिणामांची साखळी तीच. पडदा लहान आहे की मोठा, खुर्ची हलते की नाही, याने त्यात काहीच बिघडत नाही. यावरून एक काहीसा उलटा वाटणारा निष्कर्ष निघतो. छोटे, एका इंजिनाचे, हाताने उडवावयाचे विमान घरी शिकणे जितके कठीण, तितके मोठे प्रवासी विमान शिकणे कठीण नाही. कारण मोठ्या विमानातील वैमानिकाचे बरेचसे काम विचाराचे आहे आणि विचार पडद्यावर उतरू शकतो. थॉर्नडाइकच्या भाषेत, यंत्र जितके अधिक स्वयंचालित, तितके त्याचे समान घटक घरात अधिक.

या निष्कर्षाला मर्यादा आहेत आणि त्या विमानागणिक बदलतात. एअरबस आणि बोइंग यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. ए-३२० मध्ये वैमानिकाच्या हाती एक छोटी बाजूची दांडी असते. ती स्प्रिंगने मध्यावर येते, विमानावरील हवेचा दाब हाताला जाणवू देत नाही, आणि नाकाचा तोल यंत्रणा स्वतः सांभाळते. घरगुती जॉयस्टिकही नेमकी अशीच असते. थ्रॉटलच्या न हलणाऱ्या दांड्याही घरच्या साधनात आपोआप साधतात. बोइंग ७३७ ची गोष्ट निराळी. तेथे चाकासारख्या नियंत्रकावर पडणारा भार वैमानिक सतत हाताने तोलतो आणि ट्रिम फिरवून तो भार उतरवितो. भार नाहीसा झाला की तोल साधला, असे हातच त्याला सांगतो. घरच्या स्प्रिंगच्या नियंत्रकात ट्रिम फिरविला तरी हातावरचा भार तसाच राहतो आणि नियंत्रक हळूहळू मध्यावर सोडावा लागतो. ही सवय खऱ्या विमानातील सवयीच्या बरोबर उलट आहे. अशा वेळी संक्रमण शून्य नसते. ते ऋण असते. चुकीचे शिकलेले आधी विसरावे लागते आणि मग शिकावे लागते.

उतरण्याच्या अखेरच्या काही सेकंदांबाबतही हेच म्हणावे लागेल. धावपट्टीवर टेकण्यापूर्वी नाक उचलण्याचा क्षण वैमानिक मुख्यतः नजरेच्या कडांनी जमीन किती वेगाने वर येत आहे हे पाहून ठरवितो. सपाट पडद्याला कडा नसतात. डोक्यावर चढवावयाच्या नव्या चष्म्यांनी ही उणीव पुष्कळशी भरून काढली आहे, पण ते चढविले की हातातील कळा दिसत नाहीत. आडव्या वाऱ्यात पायांनी दिशा सांभाळणे, चाके टेकताना पाठीला बसणारा धक्का, वेग कमी होताना कानाच्या आतील तोलेंद्रियाची होणारी फसगत, यांपैकी काहीच घरी नसते. विमान कंपन्यांच्या प्रशिक्षणातील सर्वोच्च दर्जाचे सिम्युलेटर सहा पायांवर डोलतात ते याच कारणाने. त्यांची सदृशता इतकी मानली जाते की, अनेक देशांत अनुभवी वैमानिक नव्या प्रकारच्या विमानाचे संपूर्ण शिक्षण त्यांच्यावरच घेतो आणि त्या विमानाचे त्याचे पहिले खरे उड्डाण प्रशिक्षकाच्या शेजारी बसून, प्रवाशांसह होते.

याहून गंभीर उणीव दुसऱ्या खुर्चीची आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ येथे दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मरण पावली. त्यानंतर, १९७९ मध्ये नासाने भरविलेल्या एका परिषदेपासून, वैमानिकांनी परस्परांशी कसे बोलावे, शंका कशी मांडावी आणि काम कसे वाटून घ्यावे, याचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. आज एक वैमानिक विमान उडवितो आणि दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवतो. प्रत्येक कार्यावस्था बदलली की ती मोठ्याने उच्चारली जाते. घरी अभ्यासक दोन्ही खुर्च्यांची कामे एकट्याने करतो. बंगळूरच्या प्रसंगाकडे या दृष्टीने पुन्हा पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. एका बाजूची मार्गदर्शक रेषा बंद आणि दुसऱ्या बाजूची चालू, ही विसंगती दोन माणसांमध्ये उत्पन्न झाली होती. एकटा बसलेला अभ्यासक दोन्ही बटणे एका ओघात दाबून मोकळा होतो. त्याच्या वाट्याला ती येतच नाही. दोन घरांतील दोघांना एकाच कॉकपिटमध्ये बसविण्याची सोय काही प्रतिकृतींत आहे, आणि व्हॅटसिमसारख्या संघटनांमधून हौशी नियंत्रकांशी रेडिओवर खऱ्या पद्धतीने बोलण्याचा सरावही होतो. रेडिओवरील भाषा अंगवळणी पडणे हा लाभ लहान मानण्याचे कारण नाही. तरीही, चूक करीत असलेल्या ज्येष्ठाला कनिष्ठाने वेळीच टोकणे, ही गोष्ट घरी शिकता येत नाही. आणि आपल्याकडील वडीलधाऱ्यांपुढे न बोलण्याच्या संस्कारात ती शिकणे अधिकच कठीण आहे.

आणखी एक साधन घरी असते, जे कोणत्याही विमानात नाही. ते म्हणजे विराम देण्याची कळ. काही बिनसले की वेळ थांबविता येतो, पुस्तक उघडता येते, दिशादर्शक यंत्रांची काही मिनिटे चालणारी जुळणी एका क्षणात उरकता येते, आणि दोन तासांचा कंटाळवाणा प्रवास चौपट वेगाने पुढे ढकलता येतो. शिकण्याच्या पहिल्या टप्प्यात विराम हा दोष नसून मोठी सोयच होय. समजून घेण्यास अवधी लागतो आणि खरे विमान तो देत नाही. परंतु उतार कोठे सुरू करावा यासाठी हजार फुटांस तीन सागरी मैल, म्हणजे ३५,००० फुटांवरून सुमारे १०५ मैल आधी, हे गणित शांतपणे करणे वेगळे, आणि नियंत्रकाने ऐन वेळी वेग कमी करण्यास सांगितल्यावर, वारा पाठीमागून असताना, ते पुन्हा मांडणे वेगळे. विराम न घेता हे दुसरे काम ज्याला जमते त्याचेच घरचे तास मोलाचे मानावेत.

संक्रमण मोजण्याचीही एक रीत आहे. सिम्युलेटरशिवाय शिकणाऱ्या गटाला विमानात लागलेल्या तासांतून सिम्युलेटरवर शिकलेल्या गटाला लागलेले तास वजा करावेत आणि जे उरेल त्याला सिम्युलेटरवरील तासांनी भागावे. समजा, पहिल्या गटाला १० तास लागले आणि सिम्युलेटरवर ६ तास घालविलेल्या दुसऱ्या गटाला ७. तर गुणोत्तर अर्धे येते. स्टॅन्ली रॉस्को यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की हे गुणोत्तर सर्व तासांना सारखे लागू होत नाही. पहिला तास विमानातील पुष्कळ वेळ वाचवितो, पंधरावा त्यामानाने फारच थोडा. रॉस्को यांची प्रयोगशाळा इलिनॉय विद्यापीठातच होती, जेथे आर्टविकने आपला प्रबंध लिहिला. त्याच विद्यापीठात टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरगुती दर्जाच्या संगणकावर उपकरण-उड्डाण शिकविण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार नवे काम शिकताना विमानातील वेळेची बचत चांगली झाली. आधी शिकलेल्या कामाची उजळणी करताना ती कमी पडली. रॉस्को यांच्या वक्ररेषेशी हे सुसंगत आहे. १९९७ मध्ये अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेने अशा मान्यताप्राप्त साधनावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली घेतलेले कमाल १० तास उपकरण-उड्डाणाच्या पात्रतेसाठी ग्राह्य धरले. ‘देखरेखीखाली’ हा शब्द येथे कळीचा आहे. घरी एकट्याने केलेले तास वहीत धरले जात नाहीत, आणि त्याचे कारण केवळ यंत्राच्या दर्जात नाही. चुकीची सवय लागत असताना ती पाहणारा तेथे कोणी नसतो.

प्रतिकृतीच्या विश्वासार्हतेलाही एक सीमा आहे. सामान्य उड्डाणात ती खऱ्या विमानासारखी वागते, कारण त्या कक्षेतील वर्तनाची माहिती उपलब्ध असते. विमानाच्या पंखांवरील उचल ढासळल्यानंतर ते कसे वागते याची माहिती दीर्घकाळ कंपन्यांच्या महागड्या सिम्युलेटरांतही पुरेशी नव्हती. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे ए-३३० अटलांटिक महासागरात अशाच अवस्थेत कोसळून २२८ जण मरण पावल्यानंतर या उणिवेकडे अधिक लक्ष वेधले गेले. अमेरिकेत २०१३ मध्ये झालेल्या नियमानुसार मार्च २०१९ पासून विमान कंपन्यांच्या वैमानिकांना या अवस्थेचे पूर्ण प्रशिक्षण देणे सक्तीचे झाले आणि त्यासाठी सिम्युलेटरही सुधारावे लागले. घरच्या प्रतिकृतीवर अशा अवस्थेतून विमान सावरल्याचे समाधान मिळेल, पण त्यातून काढलेला धडा खऱ्या विमानास लागू पडेलच असे नाही.

अभ्यासकाला बंगळूरचा प्रसंग घरी पडताळून पाहावयाचा असल्यास ते अवघड नाही. ए-३२० च्या प्रतिकृतीत स्वच्छ हवेत धावपट्टीकडे तोंड करून उंचीच्या बटणावर जमिनीखालची उंची लावावी, बटण ओढावे, स्वयंचालक सोडावा, मार्गदर्शक रेषांकडे दुर्लक्ष करून हाताने तीन अंशांचा उतार धरावा आणि माथ्यावरील अक्षरांकडे पाहत राहावे. वेग उतरू लागतो, दांड्या जागच्या हलत नाहीत. एक रेषा बंद करावी. काहीही बदलत नाही. दुसरीही बंद करताच अक्षरे बदलतात आणि इंजिने जागी होतात. मात्र येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. पुढील काळात एअरबसने या यंत्रणेत सुधारणा केली: अशा स्थितीत वेग ठरावीक मर्यादेखाली गेल्यास मार्गदर्शक रेषा आपोआप बंद होतात आणि यंत्रणा वेग सांभाळण्याच्या अवस्थेत परतते. ज्या प्रतिकृतीत हा नंतरचा बदल अंतर्भूत असेल तिच्यात काही सेकंद थांबल्यास विमान स्वतःहून सावरेल, आणि १९९० च्या वैमानिकांपुढे जे विमान होते ते हे नव्हे, ही गोष्ट पडदा त्याला सांगणार नाही. ती जाणून घेण्यासाठी त्याला पडद्याबाहेर, विमानाच्या कागदपत्रांकडेच जावे लागेल.